पत्ता कोणी दिला, नाव कोणी सांगितले: छोट्या नेटवर्कची मांडणी आणि तपासणी

काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित छापणारा प्रिंटर आज सकाळी ‘ऑफलाइन’ दाखवतो. तारा जागच्या जागी असतात, दिवे हिरवे असतात, आणि तरीही संगणकाला तो सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण प्रिंटर काढून पुन्हा जोडतात किंवा ड्रायव्हर नव्याने टाकतात. त्याने कधीकधी काम होतेही, पण ते का झाले हे न कळल्यामुळे पंधरा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा समोर येतो. असल्या दुखण्याचे मूळ बहुधा दोन प्रश्नांपैकी एकात असते: त्या उपकरणाला पत्ता कोणी दिला, आणि त्याचे नाव विचारल्यावर उत्तर कोणी दिले. ही दोन कामे दोन वेगळ्या यंत्रणा करतात. मात्र घरात किंवा छोट्या कार्यालयात त्या दोन्ही एकाच राउटरच्या डब्यात बसलेल्या असल्यामुळे आपण त्यांची गल्लत करतो. पुढील मांडणी हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच केली आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावी लागतील.

उपकरणाला पत्ता कसा मिळतो

नेटवर्कला नुकत्याच जोडलेल्या उपकरणाजवळ स्वतःची अशी एकच ओळख असते, ती म्हणजे त्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमध्ये त्याला गाठण्यासाठी लागणारा आकड्यांचा पत्ता, त्याला मागून घ्यावा लागतो, आणि तो कोणाकडे मागायचा हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून ते पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असे लिहून सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारते. या हाकेला ‘डिस्कव्हर’ म्हणतात. नेटवर्कमधला पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे बहुतेक ठिकाणी राउटरच, एक मोकळा पत्ता पुढे करतो, ती ‘ऑफर’. उपकरण ‘हाच पत्ता हवा’ असे ‘रिक्वेस्ट’मधून कळवते आणि सर्व्हर ‘ॲक’ पाठवून शिक्कामोर्तब करतो. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ऑफर देणारा कोण हे एव्हाना कळलेले असूनही रिक्वेस्ट पुन्हा सर्वांना ऐकू जाईल अशीच पाठवली जाते, कारण नेटवर्कमध्ये दुसरा एखादा सर्व्हर असेल आणि त्यानेही पत्ता देऊ केला असेल, तर आपला पत्ता नाकारला गेला हे त्याला समजले पाहिजे. एकाच नेटवर्कमध्ये दोन सर्व्हर असू शकतात हे या नियमांत मुळापासून गृहीत धरलेले आहे, आणि त्यातूनच पुढे सांगितलेला एक त्रासदायक बिघाड उद्भवतो.

या संभाषणात पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी हातात पडतात: आपले नेटवर्क कुठून कुठपर्यंत हे सांगणारा सबनेट मास्क, बाहेर जाण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे, आणि नावे कोणाला विचारायची तो डीएनएस सर्व्हर. यांतली तिसरी गोष्ट विसरू नका. पत्ता आणि नाव या दोन यंत्रणा येथेच एकमेकींना जोडलेल्या आहेत.

मिळालेला पत्ता कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीसाठी असतो आणि त्या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. आज वापरात असलेल्या डीएचसीपीचे नियम १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात आहेत. त्यांनुसार मुदतीचा निम्मा काळ उलटला की उपकरण त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागते. उत्तर आले नाही, तर मुदतीचा सात अष्टमांश भाग संपल्यावर ते कोणत्याही सर्व्हरकडे मागू लागते. म्हणजे २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी पहिला आणि २१ तासांनी दुसरा प्रयत्न होतो. दिवसरात्र चालू असलेल्या उपकरणाचा पत्ता त्यामुळे सहसा बदलत नाही. प्रिंटर मात्र सुट्टीच्या दोन दिवसांत बंद राहतो, त्याची मुदत संपते आणि तो पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. चांगला सर्व्हर जुना पत्ता शक्यतो ज्याचा त्यालाच परत देतो, पण अनेक घरगुती राउटर ही नोंदवही तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज गेली की ती कोरी होते.

सर्व्हर सापडलाच नाही, तर विंडोज आणि ॲपलचे मॅक संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता घेऊन मोकळे होतात. संगणकावर असा पत्ता दिसला की ड्रायव्हर, ब्राउझर, वायरस असल्या शंका बाजूला ठेवाव्यात, कारण त्याचा अर्थ एवढाच असतो की हाक मारली, पण उत्तर आले नाही. तार, वायफायचा पासवर्ड, स्विचचे पोर्ट आणि राउटरमधला डीएचसीपी चालू आहे की नाही, या क्रमाने पाहत जावे.

पत्त्यांची जागा आखून घेणे

खासगी नेटवर्कसाठी आयपीच्या चौथ्या आवृत्तीत तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. घरगुती राउटर बहुधा तिसऱ्या पट्ट्यातला तुकडा घेतात. उदाहरणासाठी राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे असे धरू. या तुकड्यात उपकरणांना देता येण्यासारखे २५४ पत्ते असतात आणि त्यांतला एक राउटरने घेतलेला असतो.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘लॅन’ (आतले नेटवर्क) किंवा ‘डीएचसीपी सर्व्हर’ या विभागात जाऊन वाटपाचा पट्टा, म्हणजे ‘पूल’, पाहावा. पुष्कळदा तो २ पासून २५४ पर्यंत पसरलेला असतो, आणि तो तसाच ठेवणे मला पटत नाही. तो १०० ते १९९ असा आखडून घ्यावा. म्हणजे १०० च्या खालची जागा आपल्या हातात राहते आणि एखादा पत्ता पाहताच तो आपण नेमलेला आहे की आपोआप मिळालेला आहे हे ओळखता येते. शंभर पत्ते कमी पडतील एवढी वर्दळ असेल तर पट्टा वाढवण्याआधी लीज कमी करावी. पाहुण्यांचे फोन तासाभरात निघून जातात, पण लीज २४ तासांची असली तर त्यांचे पत्ते दिवसभर अडकून पडतात.

ज्या उपकरणांकडे इतरांना जावे लागते, म्हणजे प्रिंटर, फाइल सर्व्हर, कॅमेरा रेकॉर्डर, त्यांचा पत्ता बदलता कामा नये. यासाठी दोन वाटा आहेत. एक, त्या उपकरणाच्या पडद्यावर जाऊन पत्ता हाताने लिहिणे. दुसरी, राउटरमध्ये ‘अमुक मॅक पत्त्याला नेहमी अमुक आयपी’ अशी नोंद करणे. या सोयीला राउटरवर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असे नाव असते. माझा कौल निःसंशय दुसऱ्या वाटेला आहे. हाताने लिहिलेला पत्ता फक्त त्या उपकरणाला माहीत असतो आणि राउटरला त्याची खबरच नसते, त्यामुळे तो पत्ता पूलच्या आतला निघाला तर कधीतरी तोच दुसऱ्या कोणाच्या पदरात पडतो. शिवाय पुढे राउटर बदलला, गेटवे बदलला, की अशा प्रत्येक उपकरणाजवळ जाऊन बटणे दाबत बसावे लागते. राखीव नोंदीत सारे एका पानावर राहते.

नोंद करताना तीन ठिकाणी चूक होते. लॅपटॉपच्या तारेच्या जोडणीचा आणि वायफायचा मॅक पत्ता वेगळा असतो, म्हणून ज्या जोडणीने उपकरण प्रत्यक्ष नेटवर्कवर येणार आहे तिचाच मॅक घ्यावा. दुसरे असे की आजचे फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही सोय मुळातच चालू असते. एखाद्या फोनला किंवा टॅबलेटला राखीव पत्ता द्यायचाच असेल तर तेवढ्या नेटवर्कपुरती ती बंद करावी लागते. तिसरे, काही राउटर राखीव पत्ता पूलच्या आतलाच असावा असा आग्रह धरतात. तशी सूचना आली तर वाद न घालता पूलच्या शेवटचे दहा-वीस पत्ते त्यासाठी वापरावेत.

नोंद केल्यावर जुनी लीज लगेच संपत नाही. उपकरण बंद करून चालू करावे, किंवा विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ या आज्ञा द्याव्यात.

दोन सर्व्हरचा घोळ

एका कार्यालयात मला दाखवण्यात आलेला प्रश्न असा होता की काही लॅपटॉपवर इंटरनेट चालत होते आणि काहींवर नाही, आणि ते ‘काही’ रोज बदलत होते. सकाळी बंद पडलेला लॅपटॉप दुपारी पुन्हा चालू केला की सुरळीत होई आणि शेजारचा बंद पडे. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दोन लॅपटॉपवर देऊन पडदे शेजारी शेजारी ठेवले. एकाचा पत्ता १९२.१६८.१.११४ होता आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०३. त्याच यादीत ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी एक ओळ असते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तीही दोन्हीकडे वेगळी होती. वायफायची पोहोच वाढावी म्हणून कोणीतरी कपाटातला जुना राउटर काढून त्याचे लॅन पोर्ट मुख्य नेटवर्कला जोडले होते आणि त्याचा डीएचसीपी चालूच राहिला होता. ज्याची ऑफर आधी पोहोचेल त्याचा पत्ता लॅपटॉप घेत होता, आणि जुन्या राउटरने सांगितलेला गेटवे तो स्वतःच असल्यामुळे तिथून पुढे वाटच नव्हती.

उपाय पाच मिनिटांचा आहे. जुन्या राउटरमधला डीएचसीपी बंद करावा, त्याला स्वतःला मुख्य नेटवर्कमधला पण पूलच्या बाहेरचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि मग ज्यांना चुकीचे पत्ते मिळाले त्या उपकरणांची लीज नव्याने घ्यावी.

नावाचे उत्तर देणारे अनेक

इंटरनेटच्या पूर्वजात, म्हणजे अर्पानेटमध्ये, सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत आणि ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून सर्वांनी उतरवून घ्यायची असे. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुन्या फाइलचा वंशज मात्र आजही प्रत्येक संगणकात आहे. लिनक्स व मॅकवर ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये आणि विंडोजवर ‘सिस्टम३२’च्या आत ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची फाइल असते, आणि ती पूर्वनियोजित मांडणीत डीएनएसच्या आधी पाहिली जाते. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी तिच्यात लिहिलेली एक ओळ आजही सर्वांवर मात करते, म्हणून एकाच संगणकावर एखादे नाव चुकीच्या ठिकाणी जात असेल तर ही फाइल आधी उघडून पाहावी.

त्यानंतर संगणकाने जपून ठेवलेली अलीकडची उत्तरे, म्हणजे कॅशे, आणि मग डीएनएस सर्व्हर. घरगुती राउटर बाहेरच्या नावांसाठी स्वतः शोध घेत नाही. तो प्रश्न पुढे ढकलतो, आणि पुढचा सर्व्हर मूळ सर्व्हर, मग ‘कॉम’सारख्या वरच्या विभागाचे सर्व्हर, मग त्या डोमेनचे सर्व्हर अशी विचारपूस करत उत्तर आणतो. प्रत्येक उत्तराबरोबर ते किती सेकंद जपून ठेवायचे हा आकडा येतो. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवले जाते, आणि म्हणूनच नाव नोंदवण्याआधी उत्सुकतेने ते तपासून पाहिले, तर नोंदवल्यानंतरही काही काळ ते सापडत नाही.

घरातल्या उपकरणांची नावे निराळ्या वाटेने येतात. पत्ता मागताना उपकरण आपले नावही सांगते. पुष्कळ राउटर ते लीजच्या नोंदीत लिहून घेतात आणि स्वतःच्या डीएनएसमधून त्याचे उत्तर देतात. म्हणजे ‘प्रिंटर’ हे नाव फक्त राउटरला ठाऊक असते, जगात दुसऱ्या कोणालाही नाही. आता समजा, वेग वाढेल या सल्ल्यावरून आपण संगणकात डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे बाहेरचे सार्वजनिक सर्व्हर लिहिले. बाहेरची संकेतस्थळे उत्तम उघडतात आणि घरातला फाइल सर्व्हर नावाने सापडेनासा होतो. त्यात बिघाड काहीच नसतो. आपण ज्याला विचारतो आहोत त्याला आपल्या घरातले काही माहीत नाही, इतकेच.

यावर शोधलेली पळवाट आणखी वाईट असते: पहिला डीएनएस राउटर आणि दुसरा बाहेरचा. दुसरा सर्व्हर म्हणजे पहिल्याला माहीत नसेल तेव्हा विचारायचा जाणकार, अशी अनेकांची समजूत असते, पण ती खरी नाही. दुसऱ्याकडे जाण्याचे कारण पहिल्याने उत्तरच न देणे हे असते, आणि एकदा दुसऱ्याकडे गेलेली प्रणाली बराच वेळ तिथेच विचारत राहू शकते. त्याने ‘असे नाव नाही’ म्हटले की तेच अंतिम धरले जाते. परिणामी फाइल सर्व्हर कधी सापडतो आणि कधी नाही. असा येऊनजाऊन असणारा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. बाहेरची डीएनएस सेवा वापरायचीच असेल तर ती राउटरच्या इंटरनेटच्या बाजूला लिहावी आणि उपकरणांना डीएनएस म्हणून फक्त राउटरच सांगावा.

याशिवाय एक बिनसर्व्हरची पद्धत आहे. ‘.लोकल’ने संपणारे नाव विचारले की संगणक २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर प्रश्न टाकतो आणि त्या नावाचे उपकरण स्वतःच उत्तर देते. हिला एमडीएनएस म्हणतात, आणि नवे प्रिंटर बहुधा याच मार्गाने आपोआप सापडतात. ही हाक राउटर ओलांडून जात नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवरून प्रिंटर दिसत नाही. तसेच राउटरमध्ये स्थानिक डोमेन म्हणून ‘.लोकल’ लिहू नये, नाहीतर दोन यंत्रणा एकाच नावावर हक्क सांगतात. घरगुती वापरासाठी ‘होम.अर्पा’ हे डोमेन २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेले आहे, ते वापरावे.

उपकरणाचे नाव ठेवताना रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यावरच भागवावे. मोकळी जागा किंवा खालची रेघ वापरू नये, आणि लांबी १५ अक्षरांच्या आत ठेवावी, कारण विंडोजची जुनी नेटबायोस पद्धत त्यापुढचे नाव पाहत नाही.

तपासण्याचा क्रम

बिघाड पत्त्याचा की नावाचा, हे आधी ठरवावे. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ने (लिनक्सवर ‘आयपी ॲडर’ने) स्वतःचा पत्ता, गेटवे आणि डीएनएस पाहावेत. मग गेटवेच्या पत्त्याला ‘पिंग’ करावे, म्हणजे हाक मारून उत्तर येते का ते पाहावे, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ ला. ही दोन्ही उत्तरे आली आणि संकेतस्थळ मात्र नावाने उघडत नसेल, तर पत्त्याची बाजू ठीक आहे असे समजून पुढे नावाकडेच पाहावे. एखाद्या घरातल्या उपकरणाने पिंगला उत्तर दिले नाही, तर लगेच ते बंद आहे असे मानू नये. विंडोजची फायरवॉल अशी हाक अनेकदा मुद्दाम दुर्लक्षित करते.

नाव तपासताना ‘एनएसलुकअप’ आणि ‘पिंग’ या दोन आज्ञा एकच उत्तर देतील असे गृहीत धरू नये. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाइल, कॅशे आणि एमडीएनएस यांना ती विचारतही नाही. पिंग मात्र संगणकाच्या नेहमीच्या वाटेने जाते. त्यामुळे दोघींची उत्तरे वेगळी येणे हाच सर्वांत उपयोगी पुरावा असतो. एनएसलुकअपचे उत्तर बरोबर आणि पिंगचे चूक असेल, तर दोष याच संगणकात, म्हणजे होस्ट्स फाइलमध्ये किंवा कॅशेत असतो. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ देऊन पुन्हा पाहावे. पिंगला सापडते आणि एनएसलुकअपला नाही, तर नाव बहुधा एमडीएनएसमधून किंवा होस्ट्स फाइलमधून येत आहे. दोन्ही चुकत असतील, तर एनएसलुकअपच्या उत्तरात सर्वांत वर छापलेले सर्व्हरचे नाव वाचावे. अपेक्षित राउटरऐवजी तिथे भलताच सर्व्हर निघतो असा माझा अनुभव आहे. तो अनेकदा आयपीच्या सहाव्या आवृत्तीतला, अपूर्णविरामांनी भरलेला लांबलचक पत्ता असतो, कारण इंटरनेट पुरवणाऱ्याने त्या बाजूने स्वतःचा डीएनएस वेगळा पाठवलेला असतो. पिंग बरोबर आणि फक्त ब्राउझरच अडत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधली ‘सिक्युअर डीएनएस’ ही सोय पाहावी. ती चालू असताना ब्राउझर राउटरला वगळून परस्पर दुसरीकडे विचारू शकतो.

आता सुरुवातीचा प्रिंटर. प्रिंटरच्या पडद्यावरून त्याचा मॅक पत्ता टिपून घ्यावा, राउटरमध्ये त्याला १९२.१६८.१.२० सारखा राखीव पत्ता द्यावा आणि प्रिंटर बंद करून चालू करावा. एवढ्यावर थांबले तर तो तरीही ऑफलाइनच दिसू शकतो, कारण संगणकाच्या नोंदीत जुनाच पत्ता लिहिलेला असतो. विंडोजमध्ये ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ या पानावर टिक असलेली ओळ पाहावी, तिथे जुना आकडा असेल तर ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून नवा पत्ता द्यावा आणि मग चाचणीचे पान छापून पाहावे.